हे खरे आहे काय?

२९ जून २०२५, रविवार. चंदगड

आठ दिवस पाऊस उघडलेला नाही. ताम्रपर्णी दुथडी वाहतेय. तरवे लावणीला आलेत आणि आमच्या घरातले लावणीचे दोन हात कमी झालेत.

मंगळवारी संध्याकाळी धाकट्या भावाला पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव तोंडातून काढत नाहीत. दिसला तर जनावर, चावला तर पान लागलं. बांधावरचं गवत कापताना घोट्याच्या वर दोन टिपके उमटले. धाकटा स्वतः चालत घरी आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "दादा, पान लागलंय, पण तुम्ही घाबरू नका." मागून आलेल्या पोरांनी काठीवर टांगून जनावर आणलं होतं. अंगावर साखळीसारखे ठिपके, आखूड जाड धड. घोणस.

शेजारच्या आजींनी रवळनाथाच्या देवळात नेऊया म्हटलं. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या तरुणपणी दुसरं होतं तरी काय? मी पायाला काहीही बांधू दिलं नाही, चिरू दिलं नाही, पोरांच्या गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी काय केलं ते लिहून ठेवतो, घरातल्या पोरांना माहीत असावं म्हणून. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. कुणी हात लावायचा नाही, हलवायचं नाही. वीस मिनिटं. मी पस्तीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, पण एवढी लांब वीस मिनिटं कधी बघितली नाहीत. मग त्यांनी नळी हळूच आडवी केली. धड माणसाचं रक्त एवढ्या वेळात खरवसासारखं थिजतं, नळी उलटी केली तरी जागचं हलत नाही. धाकट्याचं रक्त काचेवरून पाण्यासारखं ओघळलं. लगेच प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू झाल्या. रात्री हिरड्यांतून रक्त येत होतं, पहाटे थांबलं.

जीव वाचला. पण शुक्रवारपासून लघवी कमी होत गेली. घोणस मूत्रपिंडावर बसते. काल त्याला गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं. पुतण्या म्हापशाला नोकरीला आहे, त्यानं सगळं पाहिलं. मी परवा जाईन.

३० जून, सोमवार

आज मुंबईत पावसाळी अधिवेशन सुरू झालं. दुपारी सूनबाईंचा फोन. त्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहेत. आवाजावरूनच ओळखलं.

"मामा, तारांकित आलाय. सर्पदंशाची चार वर्षांची माहिती पाचच्या आत पाहिजे म्हणतात."

ज्यांनी खात्यात नोकरी केली त्यांनाच या शब्दाचा धसका माहीत आहे. सभागृहात कुणी सदस्य प्रश्न लावतात. तो मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून पावसात डोंगरावर बसलेल्या एका बाईपर्यंत येतो. लिफाफ्यावर लाल शाईत अतितात्काळ. प्रश्नाची घडण ठरलेली असते. पहिल्या भागात अमुक घडले, हे खरे आहे काय. मग असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. शेवटी नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरंही ठरलेली: हे खरे आहे, हे अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही.

एरवी जी वही कुणी उघडून बघत नाही, तिच्यावाचून त्या दिवशी राज्य अडतं. हे मी चांगल्या अर्थानं लिहितोय. सभागृहात प्रश्न आला की औषधाचा साठा तपासला जातो, बंद पडलेला फ्रीज दुरुस्त होतो, रिकाम्या जागेचा प्रस्ताव पुढे सरकतो. नोकरीभर पाहिलंय.

सूनबाईंच्या तक्त्यात चार रकाने होते. सर्पदंशाचे रुग्ण, बरे झालेले, पुढे पाठवलेले, मृत्यू. पहिले तीन भरले. चौथ्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "मामा, शून्यच लिहू ना?"

वहीप्रमाणे शून्यच होतं. उपकेंद्रात कुणी मेलं नव्हतं. पण आम्हा दोघांनाही एकच गोष्ट आठवली. तीन वर्षांमागे वरच्या वाडीतली दहावीतली पोर. जमिनीवर झोपलेली. मध्यरात्री पोटात दुखतंय म्हणून उठली, पहाटे तिच्या पापण्या उघडेनात, उजाडता उजाडता गेली. अंगावर खूण दिसली नाही. मण्यार चावली तर बऱ्याचदा खूण दिसत नाही, हे तिथं कुणाला ठाऊक होतं? दुपारी अग्नी दिला. ना दवाखाना, ना शवविच्छेदन, ना पंचनामा. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत कारण लिहिलं: पोटदुखी.

मी म्हटलं, "वहीत आहे तेच लिहा." दुसरं काय सांगणार? खोटा आकडा देता येत नाही. पण ते शून्य वर जाईल, त्यात इतर उपकेंद्रांची शून्यं मिळतील आणि मंत्री सभागृहात उभे राहून जे वाचतील ते कागदाप्रमाणे अगदी बरोबर असेल.

फोन ठेवल्यापासून जेवण गोड लागलं नाही.

२ जुलै, बुधवार. बांबोळी

तिलारी घाटानं खाली उतरलो. धुकं इतकं की पुढची गाडी दिसेना. दोडामार्ग, म्हापसा, पणजी, बांबोळी.

वॉर्डाच्या बाहेर बाकड्यांवर कान दिला तर निम्मी बोली आपलीच. दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगड, खानापूर. आम्हा सीमेवरच्या लोकांचं असंच आहे. कोल्हापूर आमचा जिल्हा, पण बाजार बेळगावचा, नोकरी गोव्याची आणि जिवावर बेतलं की जो घाट मोकळा असेल तिकडे धावायचं. २०१८ पासून इथं गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा आमच्या भागात केवढी घबराट झाली होती. तरी लोक येतातच, कारण वागणूक माणसाची मिळते.

धाकट्याचं दुसरं डायलिसिस झालं. डोळ्यांची सूज उतरलीय. म्हणाला, "तरवे म्हातारे झाले असतील." मी म्हटलं भावकीनं लावून घेतले. अजून लावलेले नाहीत, पण सांगितलं.

४ जुलै, शुक्रवार. पणजी

भेटायची वेळ संध्याकाळची. दिवसभर बाकड्यावर बसून काय करायचं, म्हणून पुतण्यानं पणजीत सोडलं.

मांडवीच्या काठानं चालताना एक जुनी, देखणी इमारत लागली. तिथं आता चित्रपट महोत्सवाचं कार्यालय आहे. फाटकावरचे वयस्क गृहस्थ म्हणाले, पूर्वीचं मेडिकल कॉलेज ते हेच, बांबोळीला जाण्याआधीचं. पोर्तुगीजांनी १८४२ मध्ये काढलेली वैद्यकीय शाळा. मी हिवतापाचा माणूस म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मग डॉक्टर फ्रोयलानो द मेलो माहीत असतील?" माहीत नव्हते. लाज वाटली. घाटाच्या या अंगाला मी जन्म काढला आणि त्या अंगाला झालेला एवढा माणूस मला माहीत नाही.

पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. पोर्तुगीज येत नाही, इंग्रजी अडखळत वाचतो. तरी चार तास उठलो नाही.

जन्म १७ मे १८८७, बाणावलीचा. वडील लवकर गेले, घराची ओढाताण झाली. याच शाळेत वैद्यकी शिकले, पुढे पोर्तुगालला जाऊन आणखी शिकले आणि परत येऊन याच शाळेत प्राध्यापक झाले. काम सूक्ष्मजीवांचं. माणसाच्या, जनावराच्या, किड्याच्या पोटात राहणारे जीव ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत, त्यांची चित्रं काढत, नावं देत. वाळवीच्या आतड्यात राहणाऱ्या जीवांवर त्यांचं संशोधन आहे. वाळवीच्या! दाराच्या चौकटीला लागलेली वाळवी आम्ही रॉकेल ओतून मारतो. या माणसानं ती चिरून आत कोण राहतं ते बघितलं आणि जगाच्या शास्त्रज्ञांना कळवलं.

पण ते नळ्या-काचांत अडकून राहिले नाहीत. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या आरोग्य खात्याचे प्रमुख झाले. हिवताप, क्षय आणि कुष्ठरोग हे त्यांचे तीन वैरी. सासष्टीतल्या माकाझनला १९३४ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभं केलं. तेव्हा कुष्ठरोगाला खात्रीचं औषध नव्हतं. डॅप्सोन नंतर आलं, आजचा बहुविध औषधोपचार तर १९८० च्या दशकातला. औषध नसताना माणसाला द्यायला काय उरतं? छप्पर, अन्न, मलमपट्टी आणि त्याला हाकलून देणार नाही एवढी हमी. तीही सरकारी पैशाशिवाय देता येत नाही. ते पणजीच्या नगरपालिकेचे प्रमुखही होते. आणि १९४५ मध्ये अपक्ष म्हणून निवडून लिस्बनच्या संसदेत गेले, १९४९ पर्यंत तिथं गोव्याचे प्रतिनिधी राहिले.

इथं मी वाचन थांबवून खिडकीबाहेर बघत बसलो. अठ्ठावन्न वर्षांचा संशोधक. नाव झालेलं, मान मिळालेला. बोटीनं समुद्र ओलांडून हुकूमशहा सालाझारच्या संसदेत का गेला असेल? ते सभागृह नावाचंच. एका पक्षाचं राज्य, विरोध म्हणजे तुरुंग. ते खासदार असतानाच १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सत्याग्रहाची ठिणगी टाकली. ज्यांनी मुक्तीसाठी लाठ्या खाल्ल्या, त्यांना लिस्बनच्या बाकावर बसणारा गोवेकर आपला वाटला नसेल, आणि त्यात त्यांची चूक नाही.

तरीही त्या बाकावरून हा माणूस आक्तो कोलोनियलविरुद्ध बोलला. १९३० चा तो कायदा. त्यानं गोव्याला वसाहत ठरवलं, गोवेकराला दुय्यम. कुष्ठरोग, हिवताप हे विषय सोडून एकदम कायद्याला हात? मला वाटतं, सोडून नव्हे. रोग मोजत मोजतच तो तिथं पोचला. माकाझनला किती खाटा हव्यात हे त्याला माहीत होतं, पण त्यासाठीच्या पैशाचा शेवटचा शब्द दुसऱ्याच खंडात होता. मग शब्द जिथं ठरतो तिथं जाऊन बोलायचं.

पुढे ते ब्राझीलला गेले. ९ जानेवारी १९५५ ला साओ पाउलोत वारले. गोवा मुक्त व्हायला अजून जवळजवळ सात वर्षं होती.

संध्याकाळी धाकट्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याकडून असा कोण गेलाय का?"

६ जुलै, रविवार. आषाढी

धाकट्यानं उपास धरला नाही, डॉक्टरांनी मनाई केली. मी धरला. लघवी वाढतेय. विठ्ठल पावला असं हिनं फोनवर म्हटलं, मीही हो म्हटलं, मनापासून.

९ जुलै, बुधवार. चंदगड

परत आलो. तरवे भावकीनं खरंच लावून दिले होते. मी दिलेला खोटा शब्द त्यांनी खरा केला.

धाकट्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही. पण त्याआधी माझी एक जुनी वही काढली.

मी आरोग्यसेवक म्हणून लागलो तेव्हा काम एकच. पंधरा दिवसांनी प्रत्येक घर. ताप आहे का, आला होता का, पाहुणा आलाय का. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं अंगठी घालायचं बोट, स्पिरिटचा बोळा, सुई. पहिला थेंब पुसायचा. दुसऱ्या थेंबाचा काचपट्टीवर जाड ठिपका, सुईच्या टोकानं गोल फिरवून पसरलेला, आठाण्याएवढा. शेजारी पातळ थर, दुसऱ्या काचेच्या कडेनं एका दमात ओढलेला, जिभेच्या आकाराचा. वाळला की त्या थरावरच पेन्सिलीनं क्रमांक. मुंग्या, माश्या रक्त खातात, म्हणून पेटी बंद. पावसाळ्यात काचपट्टी वाळायला चुलीशेजारी बसायचो. बायका चहा ठेवायच्या.

१९९४ च्या पावसाळ्यात वाडीतला एक जवान पोरगा गोव्याहून बांधकामावरून तापानं फणफणत आला. त्या काळात पणजीकडं बांधकामं वाढली तसा हिवतापही वाढला होता आणि मजूर तो घाटावर घेऊन येत. रक्तनमुना घेतला, क्लोरोक्विन दिलं, काचपट्टी पाठवली. ती एका प्रयोगशाळेत इतर शेकड्यांच्या ढिगात पडून राहिली. निकाल आला तेविसाव्या दिवशी, फॅल्सिपेरम. पोरगा विसाव्या दिवशी गेला होता. मेंदूत चढला होता. निकालाचा कागद घेऊन मी त्याच्या आईसमोर गेलो, पण दाखवला नाही.

त्या प्रयोगशाळेत माणसं कामचुकार नव्हती. जागा रिकाम्या होत्या, एक तंत्रज्ञ तिघांचं काम करत होता. जागा का रिकाम्या, हे त्याला विचारायचा अधिकार नव्हता, मला नव्हता, आमच्या साहेबांनाही नव्हता. तो अधिकार एकाच ठिकाणी होता. त्या वर्षी कुणी विचारलं नाही.

मुंबईत दोन सभागृहांत मिळून ३६६ सदस्य बसतात, विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८. त्यांत डॉक्टर बरेच असतात, नाही असं नाही. पण रुग्ण तपासणारा डॉक्टर आणि गावाचा रोग मोजणारा माणूस यांत फरक आहे. पहिल्यासमोर आलेलाच माणूस असतो. जो आलाच नाही, त्याला शोधत जाणं हे दुसऱ्याचं काम.

११ जुलै, शुक्रवार

असा आपल्याकडून कोण गेला? मुंबई इलाख्यात एक नाव आहे. डॉ. मंचेरशा गिल्डर, हृदयरोगाचे मोठे डॉक्टर. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं त्यात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे त्याच इलाख्यात. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबईत दारूबंदी आली ती त्यांच्या खात्यामार्फत. दारूचा धंदा बराचसा पारशांचा आणि गिल्डरही पारशी. स्वतःच्या समाजाचा रोष पत्करून डॉक्टर त्या निर्णयामागं उभे राहिले. दारूबंदीनं दारू सुटते का यावर माझं मन अजून ठरत नाही. गोव्याच्या सीमेवर राहतो, नाक्यावर काय पकडलं जातं ते बघतो. पण यकृत सडलेली तरणी पोरंही मीच दवाखान्यात पोचवलीत. डॉक्टर असून या बाबतीत गप्प बसले नाहीत, हे मला मोठं वाटतं.

आणि लांबचं एक. जर्मनीतले रुडॉल्फ फिर्खो. पेशी पेशीपासूनच जन्मते हे त्यांनी जगाला पटवलं. १८४८ मध्ये ते सव्वीस वर्षांचे असताना प्रशियाच्या सरकारनं त्यांना वरच्या सायलेशियात पाठवलं. तिथं गरीब माणसं टायफसनं मरत होती, पोटात अन्न नव्हतं. लोक पोलिश बोलणारे, अधिकारी, शाळा, डॉक्टर जर्मन. तीन आठवडे घरोघर फिरून त्यांनी जो अहवाल लिहिला, त्यात औषधाच्या यादीऐवजी लोकशाही, रस्ते, शेतीसुधारणा आणि लोकांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत शिक्षण एवढं मागितलं होतं.

भाषेची ती मागणी वाचून अंगावर काटा आला. सीमेपलीकडच्या एका दवाखान्यात माझ्या मावसबहिणीनं न वाचता येणाऱ्या लिपीतल्या संमतिपत्रावर अंगठा दिला होता. कसली संमती, हे तिला शस्त्रक्रियेनंतर कळलं. आजाराशी भाषेचा काय संबंध, असं विचारणाऱ्यानं चंदगडात येऊन राहावं.

फिर्खोंना त्या अहवालाचं बक्षीस मिळालं नाही, बर्लिन सोडावं लागलं. काही वर्षांनी परतले, १८५९ मध्ये नगरसेवक झाले, १८६२ पासून प्रशियाच्या विधिमंडळात बसले ते १९०२ मध्ये मरेपर्यंत. प्रयोगशाळाही सोडली नाही. बर्लिनची गटारं त्यांच्या पाठपुराव्यानं झाली. बिस्मार्कनं त्यांना द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं, इतका त्यांचा त्रास. खर्चाचे आकडे तपासायला बसलेला शास्त्रज्ञ कुणाही सत्ताधाऱ्याला जड जाणारच.

१३ जुलै, रविवार

सर्पदंशाबद्दल वाचायला घेतलं. पुतण्यानं छापून दिलेले कागद.

टोरांटोचे प्रभात झा आणि भारतातले त्यांचे सहकारी यांनी मृत्यू मोजायची वेगळी वाट धरली. दवाखान्याच्या वह्यांवर न थांबता माणसं घरोघरी पाठवली. तुमच्या घरात कोण गेलं, कसं गेलं, आधी काय दुखत होतं, पापण्या मिटत होत्या का, हे घरच्यांना विचारायचं आणि डॉक्टरांनी ते वाचून कारण ठरवायचं. त्यातून २०११ मध्ये निघालेला अंदाज: भारतात एका वर्षात सर्पदंशाचे सुमारे ४६,००० मृत्यू. २०२० मध्ये त्यांनीच वीस वर्षांचा हिशेब मांडला, सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला ५८,०००. बहुतेक खेड्यात, बहुतेक पावसाळ्यात, आणि बरेचसे दवाखान्याबाहेर, घरी. सरकारी आकडे यांच्या पासंगालाही पुरत नव्हते.

सूनबाईंना वाचून दाखवलं. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमची शून्यं."

होय, तीच. चूक सूनबाईंची नाही आणि मंत्र्यांचीही नाही. चूक प्रश्नाची आहे. आरोग्य केंद्रात किती मेले असं विचारलं की शून्य येणारच, कारण मरणारा केंद्रापर्यंत पोचलेलाच नसतो. विचारायला हवं ते असं. गावात, घरी, वाटेत सर्पदंशानं किती मृत्यू झाले याची पाहणी केली आहे काय? असल्यास, कोणत्या पद्धतीनं? नसल्यास, विलंबाची कारणे काय? हा प्रश्न ज्याला सुचतो, तो माणूस सभागृहात हवा. फ्रोयलानो द मेलो किंवा फिर्खो तिथं बसले तेव्हा त्यांच्याबरोबर प्रश्न विचारायची ही रीत आत गेली.

केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना कळवलं की सर्पदंश हा नोंदणी सक्तीचा आजार करा. चांगलं पाऊल. पण निम्मं कशाचं करणार? मूळ आकडा शून्य असेल तर?

आणखी एक गोष्ट मोजायला हवी. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. आमच्या डोंगरात, काजूच्या बागांत चापडा आहे. त्याच्या विषावर ते नाही. चापडा चावून माणूस सहसा मरत नाही, पण हात-पाय सुजतात, मजुरी बुडते. चंदगड-आजऱ्यात वर्षाला किती जणांना? कुणी मोजलंय असं माझ्या तरी ऐकिवात नाही.

१६ जुलै, बुधवार

धाकट्याला आज घरी सोडलं. चार डायलिसिस झाली, मूत्रपिंड सावरलंय असं डॉक्टर म्हणाले. घाट चढून आल्यावर आधी शेतावर गेला, मग घरात.

संविधानातल्या कलम १७१ मध्ये विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या सदस्यांची तरतूद आहे. महाराष्ट्रात त्यांची संख्या १२. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यांचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असणारी माणसं. विज्ञान दुसऱ्याच क्रमांकावर लिहिलेलं आहे. घटना लिहिणाऱ्यांनी जागा करून ठेवली आहे. डोंगरात, आदिवासी पट्ट्यात, ऊसतोड मजुरांत वर्षानुवर्षं राहून मृत्यू मोजणारे संशोधक महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यापैकी एक जरी तिथं बसला तरी प्रश्नांची भाषा बदलेल, असं मला ठामपणे वाटतं.

१८ जुलै, शुक्रवार

अधिवेशन संपलं. सर्पदंशाच्या त्या प्रश्नाचं पुढं काय झालं ते सूनबाईंपर्यंत आलेलं नाही.

संध्याकाळी पोलीस पाटील, आशाताई, सूनबाई आणि मी आमच्या ओसरीवर बसलो. एकेका वाडीतलं एकेक घर आठवत गेलो. आशाताईंना सगळी घरं पाठ. कोण गेलं, कुठल्या महिन्यात, आधी काय झालं होतं. दोन तासांत पाच नावं निघाली. एकही दवाखान्याच्या वहीत नाही. त्यांतले तिघे सातबारावर नाव असलेले शेतकरी. शेतकरी अपघाताच्या सानुग्रह योजनेत सर्पदंश धरलेला आहे, घरच्यांना दोन लाख मिळतात. पण कागद लागतात. अग्नी दिल्यानंतर कागद कुठून आणणार? एका घरात दोन लाखांऐवजी सावकाराचं कर्ज आलं.

ज्यांच्या हाती ही पानं पडतील त्यांना हात जोडून सांगणं आहे. पान लागलं तर बांधू नका, चिरू नका, देवाला नंतर जा, आधी दवाखाना. आणि घरात कुणी असं गेलंच, तर रडता रडता का होईना पोलीस पाटलाला बोलवा, शवविच्छेदन करू द्या, २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा आणि कारणाच्या जागी सर्पदंश असं लिहायला लावा. पोटदुखी लिहू देऊ नका.

२० जुलै, रविवार

पाऊस थोडा उघडलाय. धाकटा बांधावर उभा राहून नाचणीचं रान बघतोय. गुडघ्यापर्यंत बूट घातलेत, मी आणून दिलेले.

सूनबाईंनी उपकेंद्राच्या वहीशेजारी एक नवी वही ठेवलीय. पट्टीनं रकाने आखले: नाव, वय, वाडी, तारीख, घरी की वाटेत, आधीची लक्षणं. पहिल्या ओळीत वरच्या वाडीतल्या त्या पोरीचं नाव आहे.